सेतूचं फायनल बिल

काशीपलीकडच्या रामनगरच्या रामलीलेत सेतुबंधाचा प्रसंग चालू होता. पेट्रोमॅक्सच्या उजेडात वानरसेनेची लगबग दिसत होती, रामायणी मंडळी झांजांच्या साथीवर रामचरितमानसातल्या चौपाया म्हणत होती. संवादाची वेळ आली तशी लीला चालवणाऱ्या व्यासांनी नेहमीची आरोळी दिली, "चुप रहो! सावधान!" हजारोंची गर्दी एकदम गप्प झाली. त्या शांततेत मराठीतून एक प्रश्न स्पष्ट ऐकू आला.

"आत्या, याची मेजरमेंट कोण घेतंय?"

विचारणारा पुण्याकडचा स्थापत्य अभियंता होता. बारा वर्षं साइटवर काढून आता नोकरी सांभाळत तो बांधकाम कंत्राटाच्या कायद्यात पदव्युत्तर शिक्षण घेत होता. त्याचं नाव सांगायची गरज नाही. करारात 'यापुढे ज्याचा उल्लेख विद्यार्थी असा केला जाईल तो' असं एकदा लिहिलं की पुढच्या दोनशे पानांत माणसाला नाव लागत नाही. आत्या दुर्गाघाटावरच्या मराठी वस्तीतली, लग्न होऊन काशीला आलेली आणि काशीचीच झालेली. तिनं त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "लीला बघायला आलायस की ऑडिटला? गप्प बैस. सावधान म्हटलंय ना?"

'सावधान' ऐकून मांडवातून पळालेला एकच नवरदेव महाराष्ट्राला ठाऊक आहे. तो पुढे रामदास झाला. ठेकेदार मात्र निविदेच्या पानापानावर 'सावधान' लिहिलेलं असूनही खाली सही करतो, शिक्का मारतो आणि वर अनामत रक्कम भरतो. ती सही करण्याआधी त्यानं काय वाचायला हवं होतं, हे नंतर दोन वर्षं शिकवलं जातं. त्याला बांधकाम कायदा म्हणतात.

हा विषय शिकवणाऱ्या जागा जगात थोड्याच आहेत. लंडनच्या किंग्ज कॉलेजात १९८७ मध्ये बांधकाम कायद्याचं स्वतंत्र केंद्र निघालं. आपल्याकडे १९८३ मध्ये 'निकमार' ही संस्था सुरू झाली. पुण्यात बालेवाडीला तिचा मोठा परिसर आहे आणि तिथं बांधकाम व्यवस्थापनाबरोबर कंत्राटंही शिकवली जातात. वर्गात दोन जातींची माणसं असतात. वकिलांना काँक्रीट आणि सिमेंट यांतला फरक नव्यानं कळत असतो, आणि इंजिनिअरांना स्वल्पविरामाला किंमत असते हे नव्यानं कळत असतं. दुसऱ्यांचे हाल जास्त. ज्यानं भाषेचा पेपर कसाबसा काढून 'आता जन्मात व्याकरण नको' म्हणत स्थापत्यशाखा घेतली, त्याला पस्तिशीत 'करील' आणि 'करू शकेल' यांतल्या फरकावर चार हजार शब्दांचा निबंध लिहावा लागतो. 'करील' म्हणजे करावंच लागेल, 'करू शकेल' म्हणजे मर्जी झाली तर. या एका 'शकेल'पायी कोट्यवधींचे दावे बुडालेले आहेत.

खरी अडचण पुढेच आहे. बांधकामाच्या कायद्यात बांधकाम फार कमी येतं. पहिल्याच आठवड्यात ग्लॉस्टरच्या गिरणीचा मोडका दांडा समोर येतो. तो नमुना म्हणून ग्रिनिचला पाठवला, वाहतूकवाल्यानं उशीर केला, गिरणी बंद राहिली, आणि १८५४ च्या त्या खटल्यातून नुकसानभरपाईचं सगळं शास्त्र निघालं. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं ७३ वं कलम त्याच दांड्याभोवती फिरतं. मग ७४ वं कलम येतं, दंडाचं. विद्यार्थ्याला वाटतं आता तरी धरण येईल, निदान एखादा पूल. येतात ते बटाटे. मौला बक्ष नावाच्या पुरवठादारानं १९४७ मध्ये संयुक्त प्रांतातल्या लष्करी मुख्यालयाला बटाटे पुरवण्याचा करार केला आणि १०,००० रुपये अनामत ठेवली. कोंबड्या, अंडी आणि मासळीचा करार निराळा, त्याची अनामत ८,५००. माल वेळेवर गेला नाही, सरकारनं दोन्ही अनामती जप्त केल्या. नुकसान नेमकं किती झालं ते सिद्ध न करता पैसे गिळता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये दिला. आज उड्डाणपुलाच्या उशिराचा दंड किती, यावर वकील भांडतात तेव्हा त्यांच्या युक्तिवादाच्या बुडाशी ही बटाटे-अंडी शिजत असतात.

इंग्रजांचा पोहण्याचा तलावही अभ्यासाला असतो. फोर्साइथ नावाच्या गृहस्थांनी साडेसात फूट खोल तलाव सांगितला होता. ठेकेदारानं पावणेसात फुटांचा बांधला, आणि उडी मारायच्या जागी तर सहाच फूट. तोडून नव्यानं बांधायला २१,५६० पौंड लागणार होते. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १९९५ मध्ये लॉर्डांनी विचार केला की सहा फुटांतही उडी मारता येते, तलाव उत्तम आहे, गृहस्थ फक्त हिरमुसले आहेत. हिरमुसण्याचे २,५०० पौंड दिले. आपल्याकडे सोसायटीच्या टाकीची खोली कमी निघाली तर सेक्रेटरी बदलतात. हिरमोडाचा भाव ठरवून द्यायला कोणी बसत नाही.

विद्यार्थ्याचा जीव मात्र नाशिकच्या खटल्यात अडकला होता. त्यात खरंखुरं बांधकाम होतं, तेही सेतूचं. नाशिकच्या डाव्या कालव्यावर, दुसऱ्या मैलाला, आळंदी नदीवरून पाणी न्यायचा जलसेतू. १९५५ च्या जुलैत काम सुरू करायचं, मुदत १२ महिने. ठेकेदार म्हणाला, पाऊस फार, साइटवर जायला धड रस्ता नाही. सरकारनं १९५६ च्या ऑगस्टमध्ये ठेकाच रद्द केला. त्यावर प्रश्न निघाला, की या करारात 'वेळ' हा कराराचा गाभा होता का? करारात मुदतवाढीचं कलम आहे आणि उशिराच्या दंडाचंही आहे, मग वेळ हा गाभा कसा, असा विचार करून सर्वोच्च न्यायालयानं ठेकेदाराच्या बाजूनं कौल दिला. साल १९७९. वेळ महत्त्वाची नाही, एवढं ठरवायला २४ वर्षं लागली.

हे प्रकरण आत्याला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "नाशिकची पंचवटी तीच ना? मग तिथलाच राम पाच दिवसांत कसा बांधतो रे?"

आत्याच्या या प्रश्नानं विद्यार्थ्याचं पुढचं सगळं बिनसलं.

तो रामनगरला आला होता सुट्टीसाठी. पण ज्यानं हा अभ्यास केला त्याला सुट्टी नसते. त्याची नजरच बाटते. गंगेच्या पूर्व काठावरचा किल्ला बघायला लोक येतात, चुनारच्या फिकट पिवळ्या दगडावरचं कोरीवकाम बघतात, फोटो काढतात. काशीनरेश बलवंतसिंहांनी १७५० च्या सुमारास बांधलेला हा किल्ला. विद्यार्थी मात्र नदीकडच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा शोधत होता आणि 'अडीचशे वर्षांच्या वर टिकलाय, म्हणजे डिफेक्ट लायबिलिटीचा कालावधी संपला' असं पुटपुटत होता. आतल्या संग्रहालयात एक प्रसिद्ध घड्याळ आहे. ते नुसती वेळ सांगत नाही, तर वर्ष, महिना, वार आणि सूर्यचंद्रग्रहांची स्थितीही दाखवतं. लोक तोंडात बोट घालतात. याला पहिल्यांदा सुचलं ते असं की मुदतवाढीच्या अर्जाला असं घड्याळ हवं. उशिराचं कारण शनी होता हे एका नजरेत दाखवता आलं असतं.

मुदतवाढीचे अर्ज ज्यांनी लिहिले आहेत त्यांना यात विनोद दिसणार नाही. साइटवर एक वही असते, हिंडरन्स रजिस्टर. कामात अडथळा आला की त्याच दिवशी त्यात नोंद करायची आणि दोघांनी सह्या करायच्या, असा नियम. प्रत्यक्षात वही कपाटात कोरी असते. काम सहा महिने लांबतं, दंडाची नोटीस येते, आणि मग एका रात्रीत ती वही भरली जाते. त्यातही कला आहे. रोजच्या रोज लिहिल्यासारखं दिसावं म्हणून चार वेगवेगळी पेनं लागतात. एका पानावर चहाचा डाग हवाच. पावसाच्या दिवसातल्या नोंदीवर पाण्याचे दोन थेंब टाकणारेही आहेत. कायद्याच्या वर्गात प्राध्यापक 'समकालीन नोंदी' असा भारदस्त शब्द वापरतात, तेव्हा मागच्या बाकावरचे अनुभवी इंजिनिअर खाली मान घालून हसतात.

किल्ल्यापासून जवळच रामनगरचा पीपा पूल असायचा. लोखंडी पिंपं एकाला एक जोडून वर फळ्या टाकलेल्या. गाडी गेली की पूल खाली दबायचा आणि मागून पुन्हा वर यायचा. पावसाळा जवळ आला की तो पूल उचलायचा, पूर ओसरला की परत टाकायचा. मग लोकांना नाव, नाहीतर लांबचा वळसा. विद्यार्थ्याच्या मते बांधकाम कायद्याच्या दृष्टीनं इतका निर्दोष पूल दुसरा नसेल. पूर्ण झाल्यावर काही महिन्यांत तो नाहीसाच होत असल्यामुळे त्यात दोष निघायला उसंतच नाही. पलीकडच्या सामनेघाटाला जोडणारा पक्का पूल २०१७ च्या सप्टेंबरात सुरू झाला. त्याची वाट बघण्यात रामनगरकरांची बरीच वर्षं गेली होती. त्या वर्षांचं हिंडरन्स रजिस्टर कोणी ठेवलेलं दिसत नाही.

आणि थोडं पुढे गेलं की एकदम वेगळं जग लागतं. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ वरचं मालवाहतुकीचं टर्मिनल. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या प्रकल्पातलं, खर्च सुमारे २०७ कोटी, उद्घाटन १२ नोव्हेंबर २०१८. कोलकात्याहून निघालेलं 'रवींद्रनाथ टागोर' नावाचं जहाज १६ कंटेनर घेऊन इथं लागलं. जागतिक बँकेचा पैसा मोठ्या कामात आला की सोबत कागद येतो, आणि बहुतेकदा त्या कागदाचं घराणं एकच असतं, 'फिडिक'. जगभरच्या सल्लागार इंजिनिअरांच्या या संघटनेनं १९५७ मध्ये कराराचा पहिला नमुना छापला. पुढे लाल, पिवळं, चंदेरी अशी रंगीत पुस्तकं निघाली. विद्यार्थ्याच्या उशाशी लाल पुस्तक असतं. आत्याला वाटलं हनुमानचालीसा असेल.

लाल पुस्तकाच्या १९९९ च्या आवृत्तीत एक २०.१ कलम आहे. ठेकेदाराला जादा पैसे किंवा जादा वेळ हवा असेल तर कारण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस द्यायची. नाही दिली तर हक्क संपला. आपल्या करार कायद्याचं २८ वं कलम म्हणतं, ठरावीक मुदत उलटली म्हणून माणसाचा हक्कच मारणारी अट चालणार नाही. २८ दिवसांवर २८ वं कलम लागू पडतं की नाही यावर वकील तासन्‌तास भांडतात आणि तासांप्रमाणे बिल लावतात. काशीतल्या एखाद्या अंकज्योतिषानं हा वाद चुटकीसरशी मिटवला असता.

आत्यानं त्याला एके दिवशी नावेनं पलीकडे शिंदे घाटावर नेलं. हेतू हा, की जरा मराठी माणसांचं बांधकाम बघून पोराचं डोकं ताळ्यावर येईल. पण तिनं निवडलेली जागा चुकली. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास उभारलेला हा घाट इतका अवजड झाला की नदीच्या काठाला तो पेलला नाही, तो खचला. आणि त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचं देऊळ, सरळ उभं राहायचं सोडून मागे रेललेलं, वर्षातले कितीतरी महिने गाभाऱ्यात पाणी घेऊन बसलेलं. विद्यार्थ्याला भरून आलं. ज्या प्रश्नावर तो सहा महिने वाचत होता, तो समोर दगडात उभा होता. जमिनीखाली अनपेक्षित काही निघालं तर खर्च कोणाचा?

"शाप आहे तो," नावाडी म्हणाला. दंतकथा अशी, की एका माणसानं आई रत्नाबाईसाठी हे देऊळ बांधलं आणि मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, 'आईचं ऋण फिटलं.' त्या क्षणी देऊळ कललं.

लाल पुस्तकाची कसोटी अशी आहे की निविदा भरतेवेळी अनुभवी ठेकेदाराला हा धोका दिसायला हवा होता का. विद्यार्थी वल्ह्याच्या तालावर मोठ्यानं विचार करू लागला. मातीचा अहवाल घेता येतो, शापाचा कसा घेणार? आणि 'ऋण फिटलं' ही घोषणा म्हणजे तर सरळसरळ नो क्लेम सर्टिफिकेट! फायनल बिल हातात पडावं म्हणून ठेकेदार 'आता माझं काही येणं नाही' असं लिहून देतो आणि चेक वटला की दावा ठोकतो. दबावाखाली लिहून घेतलेलं असलं प्रमाणपत्र ठेकेदाराला बांधून ठेवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं बोघारा पॉलिफॅबच्या खटल्यात २००८ मध्ये सांगून ठेवलंय.

"आईचं बिल फायनल होत नसतं," आत्या म्हणाली. "एवढ्यासाठी कोर्टात कशाला जायचं? आणि अहिल्याबाईंनी १७८० मध्ये विश्वनाथाचं देऊळ उभं केलं तेव्हा कुठलं कलम लावलं होतं रे?"

"आत्या, तिथं मालक, इंजिनिअर आणि लवाद एकच बाई होती. भांडण होणार कोणाशी?"

हे मात्र आत्याला पटलं.

तरीही पाच दिवसांचा प्रश्न शिल्लकच होता, आणि म्हणून सेतुबंधाच्या रात्री विद्यार्थी वही घेऊन गर्दीत बसला होता. रामनगरची लीला एका रंगमंचावर होत नाही. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका अशी ठिकाणं गावभर पसरलेली आहेत. प्रसंग पुढे सरकला की प्रेक्षक उठून त्याच्या मागे चालतात आणि काशीनरेश हत्तीवरून येतात. विजेचा दिवा नाही, माइक नाही. मुरलेले लीलाप्रेमी मांडीवर मानस उघडून टॉर्चच्या उजेडात ओळ न्‌ ओळ ताडून बघतात. पाठाशी इतकं इमान राखणारा मोजमाप पुस्तकाचा तपासनीस विद्यार्थ्यानं बारा वर्षांत पाहिला नव्हता.

त्यानं कथेची फाइल लावायला घेतली. रामानं समुद्राला वाट मागितली आणि तीन दिवस थांबला. म्हणजे नोटीस दिली, मुदत दिली, मुदत संपल्यावरच धनुष्य उचललं. २८ दिवसांच्या मानानं तीन दिवस फारच कमी, पण वनवासातल्या माणसाकडे टपालाची सोय नव्हती. समुद्र प्रकट झाला आणि त्यानं बचाव मांडला, की खोल असणं हा माझा स्वभाव आहे. इतका शुद्ध 'नैसर्गिक परिस्थिती'चा युक्तिवाद आजवर कोणत्याही ठेकेदाराला साधलेला नाही. वर समुद्रानंच सुचवलं की तुमच्या सैन्यात विश्वकर्म्याचा मुलगा नल आहे, त्याच्याकडून बांधून घ्या. पोटठेकेदाराचं नाव साइटनंच सुचवण्याचा हा बहुधा एकमेव दाखला. वाल्मीकींचा नल यावर म्हणतो, की मला कोणी विचारलं नाही म्हणून मी माझे गुण सांगितले नाहीत. हल्ली पूर्वपात्रतेच्या अर्जाला जोडलेली रंगीत पुस्तिका बघितली की नलाची आठवण फार येते.

मग खरा दस्तऐवज. तुलसीदासांनी रोजचा हिशेब दिलेला नाही, पण वाल्मीकींनी दिलाय. पहिल्या दिवशी १४ योजनं, मग २०, मग २१, २२, आणि पाचव्या दिवशी २३. एकूण १००. विद्यार्थ्यानं वहीत आलेख काढला. चढता वेग, एकही दिवस वाया नाही, पहिल्या दिवशी कमी काम कारण माणसं जमवण्यात वेळ जातोच. सगळं इतकं बरोबर होतं की त्याला संशय आला. तेव्हाच त्यानं विचारलं होतं, मेजरमेंट कोण घेतंय.

"आणि खार?" आत्यानं आरतीआधीच्या गडबडीत हळूच पुडी सोडली. "तिनं वाळू टाकली होती ना, लोक सांगतात? तिचं काय करणार तू?"

खारीनं विद्यार्थ्याची झोप उडवली. तिच्याकडे कार्यादेश नाही. एक्स्ट्रा आयटम म्हणावं तर दर मंजूर नाही. करार कायद्याचं ७० वं कलम तिच्या मदतीला येईल. करार नसताना कोणी काम केलं आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला तर मोबदला द्यावा लागतो. पण त्याच कलमात अट आहे, की ते काम फुकट करायच्या हेतूनं केलेलं नसावं. खारीचा हेतू काय होता? तिनं बिल दिलं नाही. रामानं पाठीवरून हात फिरवला, तीन बोटं उमटली. ही बक्षिसी धरायची की पूर्ण आणि अंतिम भरपाई? विद्यार्थ्यानं त्या रात्री प्रबंधाचा विषय बदलला.

विषय बदलायला विद्यापीठाची परवानगी लागते आणि प्रबंधाला मुदतवाढ हवी असेल तर अर्ज मूळ तारखेच्या आत करावा लागतो, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा शरद पौर्णिमा उजाडली होती. लीलेची शेवटची आरती झाली, महताबीच्या उजेडात राम, सीता आणि तिघा भावांच्या पाचही स्वरूपांचं दर्शन झालं, आणि तो कुल्हडमधली मलईदार लस्सी चमच्यानं खात तारखा मोजत बसला. मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती. कारण लिहायला त्यानं बॅगेतून वही काढली. मग आत्याकडे दुसऱ्या रंगाचं पेन मागितलं.

रामनगरची लीला ३१ दिवस चालते आणि लाल पुस्तकातली नोटीस २८ दिवसांत द्यावी लागते. तेव्हा वाचकांपैकी कोणाचं बिल कुठं अडकलं असेल तर त्यांनी आधी पत्र टाकावं, पोचपावती खिशात ठेवावी आणि मगच लीलेला यावं.